माळावर वसवलेले गाव : किर्लोस्करवाडी आणि लहान गावाच्या स्वयंपूर्णतेचा प्रश्न

१/
गाव लहान असावे. काम, शाळा, दवाखाना, वाचनालय, बाजार सारे पायी जाण्याच्या अंतरावर असावे. आणि तरीही गरज पडली की मोठे शहर गाठता यावे. ही इच्छा आजची नाही. १९१० साली बेळगावातून बाहेर पडावे लागलेल्या एका कारखानदाराने आजच्या सांगली जिल्ह्यातील एका ओसाड माळावर असे गाव वसवायला घेतले. ते गाव कसे उभे राहिले, ते खरोखर स्वयंपूर्ण होते का आणि ते नेमके कोणाचे होते, हे सांगणारा हा थ्रेड.

२/
सुरुवात मात्र त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या एका गावापासून करावी लागते : कवठे महांकाळ. या जिल्ह्यात 'कवठे' एक नाही. तासगावकडे कवठे एकंद आहे, मिरजेकडे कवठे पिरान आहे आणि पूर्वेला कवठे महांकाळ. मूळ नाव एकच, ओळख पटते ती जोडनावाने. जुनी गावे अशीच ओळखली जातात. त्यांचा संस्थापक कोणी सांगू शकत नाही, स्थापनेची तारीखही नसते.

३/
सांगली जिल्ह्याचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेला कृष्णा-वारणेची काळी, पाणीदार जमीन. पूर्वेला कवठे महांकाळ, जत, आटपाडी हा पर्जन्यछायेतला कोरडा पट्टा. अग्रणी नदीच्या या भागात पाऊस बेभरवशाचा. अशा मुलखातले बाजाराचे गाव आसपासच्या खेड्यांच्या जिवावर जगते आणि खेडी त्या गावाच्या जिवावर. धान्य, जनावरे, कापड, उधारी, लग्नाची खरेदी, कचेरीचे काम सारे तिथेच होते.

४/
अशा गावाला बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट उशिरा आली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फूट रुंदीची चिमुकली गाडी १८९७ मध्ये बार्शीपासून सुरू झाली, १९०६ मध्ये पंढरपूरला पोहोचली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत आली. कवठे महांकाळ त्याच वाटेवरचे स्थानक. एका टोकाला विठोबा, दुसऱ्या टोकाला मिरज जंक्शन. आज तो मार्ग ब्रॉडगेज झाला आहे.

५/
म्हणजे कवठे महांकाळ आधी होते, रेल्वे नंतर आली. किर्लोस्करवाडीचा क्रम बरोबर उलटा आहे. तिथे आधी रेल्वेचे स्थानक होते, मग माळ निवडला गेला आणि शेवटी गाव आले. या एका उलट्या क्रमात पुढची बहुतेक गोष्ट सामावली आहे.

६/
लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मधला, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पण त्यांच्या दृष्टीत रंगांधत्वाचा दोष निघाला. रंग सुटले, रेषा हाती राहिली. यांत्रिक आरेखन शिकून ते मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

७/
तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. तेथे थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामुअण्णा, यांच्याबरोबर सायकलींचे दुकान आधीपासून चालू होते. दुकानाच्या जोडीला छोटा कारखाना आला. त्यात कडबा कापण्याचे यंत्र आणि पुढे लोखंडी नांगर तयार होऊ लागले.

८/
नांगर तयार झाला, पण विकला जाईना. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगितले जाते. धंद्याचा जम बसू लागला आणि नेमके तेव्हाच दुसरे संकट आले. बेळगाव नगरपालिकेला शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी होती. किर्लोस्कर बंधूंना तिथून उठावे लागले.

९/
हा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. शहर वाढत होते, आणि वाढणाऱ्या शहरालाच कारखाना नकोसा झाला होता. आज बेळगावात एका रस्त्याला किर्लोस्करांचे नाव आहे. तेव्हा मात्र चाळिशीतल्या लक्ष्मणरावांसमोर यंत्रे, कामगार आणि कुटुंब घेऊन जायचे कोठे, हा प्रश्न उभा होता. दुसऱ्या शहरात गेले तरी पुन्हा उठावे लागणार नाही याची खात्री कोण देणार?

१०/
खात्री दिली एका संस्थानिकाने. औंधचे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, कलेचे संग्राहक, सूर्यनमस्काराचे प्रचारक. लक्ष्मणरावांशी त्यांचा परिचय होता. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि कारखान्यासाठी दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

११/
औंध हे संस्थान नकाशावर एकसंध नव्हते. इंग्रजी मुलूख आणि इतर संस्थानांमध्ये विखुरलेले त्याचे तुकडे होते. त्यातला एक तुकडा कृष्णेच्या खोऱ्यात कुंडल गावाभोवती होता, आणि त्याच्याजवळून पुणे-मिरज लोहमार्ग जात होता. स्थानकाचे नाव होते कुंडल रोड. जागा निवडताना त्या स्थानकाचे महत्त्व सर्वांत मोठे ठरले.

१२/
कारण ओतकामाच्या कारखान्याला रोज दोन गोष्टी लागतात, कच्चे लोखंड आणि कोळसा. दोन्ही या मुलखात मिळत नाहीत. तयार झालेला नांगरही जड असतो. बैलगाडीवर लादून तो साऱ्या महाराष्ट्रात पोहोचवता येत नाही. म्हणून माळ कितीही ओसाड असला तरी चालेल, पण रूळ जवळ हवा. गाव जगापासून दूर वाटावे आणि मालाला जग जवळ असावे, असा तो हिशेब होता.

१३/
मिळालेली जमीन ३२ एकर. निवडुंगाने भरलेली, सापांची वस्ती असलेली. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानला जातो. सुरुवातीला पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. निवडुंग तोडणे, पाण्याची सोय करणे, निवारा उभारणे आणि भट्टी पेटवणे ही कामे एकामागून एक करण्याइतका वेळ नव्हता. ती एकाच वेळी चालली.

१४/
कामाची वाटणीही ठरली. रामुअण्णांनी वसाहतीची आखणी आणि कारभार हाती घेतला. शंभोराव जांभेकर यांनी यंत्रे आणि व्यवस्थापन सांभाळले. मंगेशराव रेगे हिशेब पाहत. के. के. कुलकर्णीही त्यांच्या सोबत होते. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर येथे कल्पक अभियंता म्हणून नावारूपाला आले.

१५/
राखणीसाठी नेमलेली दोन माणसे विशेष होती. तुकाराम रामोशी आणि पिर्या मांग या दोघांना पूर्वी दरोड्याबद्दल शिक्षा झालेली होती. लक्ष्मणरावांनी वसाहतीची राखण त्यांच्याच हाती सोपवली आणि ते विश्वासू रखवालदार ठरले. ज्यांच्याकडे सरकार संशयाने पाहत होते, त्यांच्या भरवशावर नवे गाव निश्चिंत झोपू लागले.

१६/
इथे एक बारीक गोष्ट नजरेआड होऊ नये. या इतिहासात अभियंते आणि हिशेबनीस 'राव' म्हणून नोंदले गेले, तर रखवालदार जातीच्या नावाने. लक्ष्मणरावांनी वाडीत अस्पृश्यता पाळण्यास बंदी केली होती. त्या काळात हे पाऊल धाडसाचे होते. पण नव्या गावात जुन्या समाजाची भाषा बरोबर आलीच. घरे नवी बांधता येतात, नावे घेण्याची सवय बदलायला अधिक काळ लागतो.

१७/
हे सारे जगाच्या एका कोपऱ्यात एकाकी घडत होते असे नाही. लंडनच्या संसदेत लघुलेखनाचे काम करणाऱ्या एबनेझर हॉवर्ड यांनी १८९८ मध्ये उद्याननगरीची कल्पना मांडली. शहराचे काम आणि खेड्याची हवा एकत्र आणणारे, सुमारे ३२ हजार वस्तीचे गाव, भोवती शेती, आणि मोठ्या शहराशी जोडणारी रेल्वे. १९०३ मध्ये लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ या पहिल्या उद्याननगरीचे काम सुरू झाले.

१८/
कारखानदारांनी वसवलेली गावेही होतीच. इंग्लंडमध्ये कॅडबरी कुटुंबाचे बोर्नव्हिल, साबणाच्या कारखान्याभोवतीचे पोर्ट सनलाइट. भारतात साकची येथे टाटांच्या पोलाद कारखान्याचे काम चालू होते. त्या गावाला जमशेदपूर हे नाव १९१९ मध्ये मिळाले. किर्लोस्करवाडी या सर्वांहून फार लहान होती, पण काळ तोच आणि प्रश्नही तोच : काम देणारा आणि घर देणारा एकच असेल, तर गाव कोणाचे?

१९/
या प्रश्नाचे सर्वांत कडू उत्तर अमेरिकेत मिळाले होते. रेल्वेचे शयनडबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी १८८० च्या सुमारास शिकागोजवळ देखणे गाव बांधले. घरे, दुकाने, चर्च, वाचनालय सारे कंपनीचे. १८९३ मध्ये मंदी आली. मजुरी कापली गेली, घरभाडे मात्र कमी झाले नाही. १८९४ मध्ये मोठा संप झाला, आणि १८९८ मध्ये इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याला न लागणारी ही गावातील मालमत्ता विकून टाकण्यास कंपनीला भाग पाडले.

२०/
हॉवर्ड यांचे उत्तर वेगळे होते : जमीन साऱ्या रहिवाशांच्या हितासाठी विश्वस्तांच्या हाती असावी. कॅडबरींनीही १९०० मध्ये बोर्नव्हिल गाव एका स्वतंत्र न्यासाकडे सोपवले. किर्लोस्करवाडीची घडी यांपैकी कोणतीच नव्हती. ती चालकांच्या वडीलकीवर उभी होती. मालक आणि कामगार एकाच वस्तीत राहत, एकमेकांना ओळखत. या जवळिकीत आधार होता, तसेच अवलंबनही होते. वडीलधारा चांगला असणे ही गावाची मोठी ठेव असते. पण ती कायद्याने मिळालेली नसते.

२१/
पहिल्या महायुद्धाने स्वयंपूर्णतेची परीक्षा घेतली. कच्चे लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. त्या दिवसांत कोल्हापूर संस्थानातील जुन्या निकामी तोफा मिळवून त्यांच्या लोखंडाचे नांगर ओतले गेले, अशी आठवण सांगितली जाते. एकेकाळी मुलूख जिंकणाऱ्या धातूने मुलूख नांगरला. आणि हेही स्पष्ट झाले, की रुळावरून येणारा माल थांबला की माळावरच्या भट्टीची धग कमी होते.

२२/
युद्धानंतर, १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे आणि १९२६ पासून सेंट्रिफ्यूगल पंप येथे तयार होऊ लागले. पुढे याच वाडीच्या नावाने स्थानक ओळखले जाऊ लागले. कुंडल रोडचे किर्लोस्करवाडी झाले. स्थानकामुळे गाव आले होते, आता गावाने स्थानकाला नाव दिले.

२३/
१९२० मध्येच आणखी एक गोष्ट सुरू झाली. शंकरराव वासुदेव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' काढले. कारखान्याच्या वार्तापत्रातून पाहता पाहता 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्रभर वाचले जाणारे मासिक उभे राहिले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके त्याला येऊन मिळाली. सुधारणा, विज्ञाननिष्ठा, स्त्रियांचे प्रश्न, उद्योगाच्या गोष्टी हा त्यांचा ठेवा. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही 'किर्लोस्कर'मधून प्रसिद्ध झाले.

२४/
पुण्या-मुंबईच्या नियतकालिकांना तोडीस तोड अशी तीन मासिके, आणि तीही शहरातून नव्हे, तर एका कारखान्याच्या वाडीतून. लेख टपालाने येत, अंक टपालाने जात. वाडी लहान होती. तिचा वाचक मात्र नागपूर, इंदूर, बडोदे जिथे जिथे मराठी घर होते तिथे होता. कागद, छपाई, रेल्वे आणि टपाल ही साखळी अखंड असली, तर विचारांचे केंद्र माळावरही असू शकते, हे या गावाने दाखवले.

२५/
औंध संस्थानात याच काळात गावाच्या स्वयंपूर्णतेचा दुसरा प्रयोग झाला. बाळासाहेब, त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांच्या पुढाकाराने, गांधीजींच्या सल्ल्याने, १९३९ मध्ये औंधला नवी घटना मिळाली. राजाने अधिकार सोडले आणि ग्रामपंचायत हा राज्यकारभाराचा पाया ठरला. एकाच चिमुकल्या संस्थानात दोन कल्पना शेजारी नांदल्या : यंत्राने समर्थ झालेली वाडी आणि पंचायतीने समर्थ झालेले खेडे.

२६/
एका ठिकाणी पुढाकार उद्योजकाचा होता, दुसऱ्या ठिकाणी अधिकार गावकऱ्यांचा. दोहोंना एकमेकांचे काहीतरी हवे होते. पंचायतीला रोजगार निर्माण करणारे हात, वाडीला निर्णयात वाटा मागणारा आवाज. हा मेळ पुरता बसण्यापूर्वीच काळ बदलला. बेचाळीसच्या लढ्यात कुंडल हे प्रतिसरकारच्या चळवळीचे मोठे केंद्र बनले. १९४८ मध्ये औंध संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

२७/
उद्योगही वाडीत मावेनासा झाला. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे आणि १९४६ मध्ये बंगळूर व पुणे येथे किर्लोस्करांच्या नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. मासिकांचा संसारही पुढे पुण्याला गेला. शहर आवाक्यात असण्याचा हा दुसरा अर्थ. ज्या रुळांवरून लोखंड आणि वाचकांची पत्रे आली, त्याच रुळांवरून माणसे, कचेऱ्या आणि निर्णय शहराकडे गेले. लक्ष्मणरावांचे निधन १९५६ मध्ये झाले.

२८/
तरीही वाडी उरली. पलूस तालुक्यातील या गावात आजही पंप तयार होतात. हे भाग्य सर्वांना लाभले नाही. याच मार्गावर कराडजवळ, औंध संस्थानच्याच आश्रयाने, ओगले बंधूंची काचेची वाडी उभी राहिली होती. तिथला 'प्रभाकर' कंदील घराघरांत पोहोचला होता. घरोघर वीज आली, कंदील मागे पडला, कारखाना बंद झाला. नाव उरले : ओगलेवाडी. एकाच वस्तूवर उभ्या राहिलेल्या गावाचे भवितव्य त्या वस्तूबरोबर बांधलेले असते.

२९/
आता पुन्हा कवठे महांकाळकडे पाहावे. या गावाला कोणी एक मालक नव्हता, एकच धंदाही नव्हता. म्हणून कुठल्या एका वस्तूची मागणी संपली म्हणून ते ओस पडले नाही. पण त्याची बेडी वेगळी होती, ती पाण्याची. पाऊस चुकला की बाजार ओसरे, जनावरे विकली जात, माणसे बाहेर पडत. बाजाराचे गाव शंभर आधारांवर उभे असते, पण ते सारे आधार एकाच आभाळाखाली असतात.

३०/
ती बेडी सैल करण्याचा मार्ग पश्चिमेकडूनच आला. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून मिरज, कवठे महांकाळ, जत या कोरड्या भागाकडे नेले. नदीचे पाणी चढावर नेणारे यंत्र, ज्या जातीचे यंत्र कृष्णाकाठच्या एका माळावर १९२६ पासून बनू लागले होते, ते पूर्वेकडच्या गावांच्या जगण्याचा आधार झाले. जिल्ह्याचे दोन चेहरे असे एका नळाने जोडले गेले.

३१/
म्हणून लहान, स्वयंपूर्ण, शहराजवळचे गाव शोधणाऱ्याने इतिहासाला चार प्रश्न विचारावेत. इथले पाणी कोठून येते? इथली वाट कोठे जाते? इथले काम किती धंद्यांत वाटलेले आहे? आणि निर्णय कोण घेते? किर्लोस्करवाडीकडे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तम उत्तर होते, कवठे महांकाळकडे तिसऱ्याचे. पहिल्याचे उत्तर कवठे महांकाळला फार उशिरा मिळाले. चौथ्याचे उत्तर औंधच्या पंचायतींनी शोधायला घेतले होते.

३२/
चारही उत्तरे एकाच गावात सापडल्याचे उदाहरण दुर्मीळ आहे. पण १९१० मध्ये निवडुंग तोडणाऱ्या त्या पंचवीसेक कुटुंबांनी एक गोष्ट निश्चित सिद्ध केली. चांगले गाव नकाशावर तयार सापडत नाही. जागा निवडावी लागते, आणि निवडल्यावर तिथे राहून ते वसवावे लागते. पुणे-मिरज गाडीत खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला आजही त्या स्थानकाची पाटी दिसते. नाव एका घराण्याचे आहे. गाव मात्र त्या साऱ्यांचे आहे, ज्यांनी तो माळ राहण्याजोगा केला.